कूलरच्या गवतावरून समजणारा ट्रिकल-बेड रिॲक्टर

आमच्याकडे अकोल्याला एप्रिल लागला की कूलर बाहेर काढायचा आणि त्याचं गवत बदलायचं हे ठरलेलं काम. जुनं गवत ओढून काढायचं, जाळीला चिकटलेला पांढरा क्षार खरवडायचा, वरच्या पन्हळीची भोकं तारेने एकेक करून मोकळी करायची आणि मग नवीन गवत हाताने सारखं करत बसायचं, कुठे दाट नको कुठे विरळ नको. आमचा खारपाणपट्टा, त्यामुळे दोन-तीन आठवड्यात भोकं परत बुजतात, आणि एक जरी भोक बुजलं तरी त्याच्या खालचा गवताचा पट्टा कोरडा राहतो. गंमत म्हणजे पंखा त्याच कोरड्या पट्ट्यातून जास्त हवा ओढतो कारण तिथे वाट मोकळी असते, म्हणजे बाकी सगळं गवत चिंब असलं तरी खोलीत झळा येतातच.

हे एवढं डोळ्यासमोर ठेवलं तर ट्रिकल-बेड रिॲक्टर तुम्हाला अर्धा समजला असं समजा. केमिकल इंजिनिअरिंगमध्ये हा विषय आला की पोरं पहिल्यांदा घाबरतात कारण पुस्तकात एकदम समीकरणं सुरू होतात, पण वस्तू अगदी साधी आहे. एक उभं नळकांडं, त्यात काहीतरी घन भरलेलं, दाणे म्हणा, प्लॅस्टिकच्या रिंगा म्हणा, स्पंज म्हणा. वरून द्रव सोडायचा, तो या भरणावरून ओघळत ओघळत खाली येतो, आणि मधल्या मोकळ्या जागेतून गॅस वाहतो, कधी द्रवाच्या बरोबरीने वरून खाली, कधी उलट्या दिशेने. नळकांडं द्रवाने भरलेलं नसतं हे महत्त्वाचं, दाण्यांवर फक्त द्रवाचा पातळ पापुद्रा असतो. ठिबक सिंचन माहितीच आहे आपल्याला, हा ठिबक थर. घन, द्रव आणि गॅस तिघांची एकाच जागी गाठ घालून द्यायची, एवढंच याचं काम.

आता एवढी उठाठेव कशासाठी? तर हायड्रोजनसाठी. मी ज्या दोन उपयोगांबद्दल लिहिणार आहे त्या दोन्हीत हायड्रोजन आहे, एक म्हणजे रिफायनरीत डिझेलमधलं गंधक काढणं आणि दुसरा म्हणजे सूक्ष्मजीवांकडून सीओटू (कार्बन डायऑक्साइड) आणि हायड्रोजनचं मिथेन बनवून घेणं. आणि हायड्रोजनची अडचण ही की तो पाण्यात विरघळायला अजिबात तयार नसतो. २५ अंशाला, आपल्या नेहमीच्या हवेच्या दाबाला, एक लिटर पाण्यात शुद्ध हायड्रोजन किती विरघळतो तर जेमतेम १.६ मिलिग्रॅम. त्याच पाण्यात सीओटू जवळपास दीड ग्रॅम विरघळतो. वजन सोडा, रेणू मोजले तरी सीओटूचे रेणू चाळीसपटीहून जास्त भरतात. आणि मिथेन बनवायला हिशोब नेमका उलटा लागतो, सीओटूच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे चार रेणू. म्हणजे जो पाहुणा आत यायला सगळ्यात जास्त कुरकुरतो तोच सगळ्यात जास्त संख्येने हवा.

बरं विरघळला तरी पुढे पाण्यातून सरकत जीवापर्यंत किंवा कॅटलिस्टपर्यंत, म्हणजे स्वतः न संपता क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थापर्यंत, पोचायला हवा. इथे एक छोटा हिशोब सांगतो, मला स्वतःला हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा या रिॲक्टरचं सगळं मर्म एकदम कळलं होतं. स्थिर पाण्यात कुठलाही रेणू जो आपसूक पसरतो त्याला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो, अंतर दहापट केलं की वेळ शंभरपट. हायड्रोजनला ०.१ मिलिमीटर जाडीचा पाण्याचा पापुद्रा पार करायला साधारण दोन सेकंद लागतात. पापुद्रा १ मिलिमीटरचा झाला तर तीन-साडेतीन मिनिटं. आणि १ सेंटिमीटर स्थिर पाणी असेल तर साडेपाच तास! म्हणजे पाणी पातळ ठेवा, बाकी सगळं आपोआप जमत जाईल.

टाकीत पाणी भरून खालून गॅसचे बुडबुडे सोडले तर हेच काम ढवळून करावं लागतं, मोठा पंखा जोरात फिरवायचा, बुडबुडे फोडून बारीक करायचे, पाणी सतत हलतं ठेवायचं, आणि त्या मोटरला वीज लागते, बरीच लागते. ठिबक थरात ढवळणारं कोणी नाही. गुरुत्वाकर्षणाने पाणी खाली येतं, वर नेऊन सोडायला एक पंप, संपलं. पापुद्रा पातळ ठेवायचं काम भरणाचा पृष्ठभाग करतो.

ही कल्पना रिफायनरीवाल्यांची नाही बरं का. फार जुना ठिबक थर व्हिनेगरचा. जर्मनीत १८२३ साली शुत्सेनबाख नावाच्या माणसाने लाकडी पिंपात बीच झाडाच्या लाकडाच्या सालप्या भरून वरून मद्य ओघळायला सोडलं आणि खालून हवा येऊ दिली, सालप्यांवर जीवाणूंचा थर बसला आणि जे व्हिनेगर आधी पिंपात नुसतं पडून आठवडेच्या आठवडे घ्यायचं ते दिवसांत व्हायला लागलं. कूलरचं गवत म्हणजे लाकडाच्या सालप्याच की! पुढे १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये हेच सांडपाण्याला वापरलं, दगडगोट्यांचा मोठा गोल थर, वर फिरणाऱ्या दांड्यांतून सांडपाणी शिंपडायचं, दगडांवर जो बुळबुळीत थर चढतो तो घाण खातो. सिव्हिलवाल्यांना ट्रिकलिंग फिल्टर म्हणून हा परीक्षेला असतोच. त्यामुळे जीवांचा ठिबक थर आधी आणि कॅटलिस्टचा नंतर असा क्रम आहे, आणि आता मिथेनच्या निमित्ताने गाडी परत जीवांकडे आलीय.

पण आधी रिफायनरी, कारण आज कॅटलिस्टचे बहुतेक ट्रिकल-बेड तिथेच आहेत आणि त्याचा आपल्या सगळ्यांच्या फुप्फुसांशी थेट संबंध आहे.

कच्च्या तेलात गंधक असतं. ते डिझेलमध्ये राहिलं तर इंजिनात जळून सल्फर डायऑक्साइड होतो, धुरातले बारीक कण वाढतात, आणि मुख्य म्हणजे गाडीच्या सायलेन्सरला धूर साफ करायला जी यंत्रणा लावतात तिची वाट लागते. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं मानक आलं, त्यात डिझेलमधलं गंधक १० पीपीएम, म्हणजे एका किलोत १० मिलिग्रॅम, याच्या आत हवं. त्याआधी बीएस-४ ला ५० होतं आणि बीएस-३ ला ३५०. हे आकडे खाली आणायचं काम मुंबईत चेंबूर-माहुलच्या रिफायनऱ्यांपासून देशभरातल्या सगळ्या रिफायनऱ्यांत जे उंच जाड भिंतींचे रिॲक्टर करतात ते ट्रिकल-बेडच असतात. हायड्रोट्रीटर म्हणतात त्या युनिटला.

आत काय असतं तर कोबाल्ट-मॉलिब्डेनम किंवा निकेल-मॉलिब्डेनम, अल्युमिनाच्या सच्छिद्र दाण्यांवर चढवलेलं. दाणे एक ते तीन मिलिमीटर जाडीचे, आणि बरेचदा त्यांचा छेद घेतला तर तीन पाकळ्या दिसतात, बेलाच्या पानासारख्या. हा आकार हौसेने नाही दिलेला, गोल कांडीपेक्षा याला बाहेरचा पृष्ठभाग जास्त मिळतो आणि आत शिरणाऱ्या रेणूला दाण्याच्या गाभ्यापर्यंत कमी चालावं लागतं. परत तोच अंतराचा वर्ग! डिझेल वरून ओघळतं, सोबत दाबाखालचा हायड्रोजन, तापमान साधारण ३२० ते ३८० अंश, दाब वातावरणाच्या काही दहापट. हायड्रोजन डिझेलच्या पापुद्र्यात विरघळतो, दाण्यात शिरतो, तिथे गंधकाच्या रेणूतून गंधक सोडवून हायड्रोजन सल्फाइड करतो. तोच तो सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी गॅस. तो वेगळा काढून क्लॉस नावाच्या प्रक्रियेतून पिवळंधमक गंधक करतात आणि ते सल्फ्युरिक ॲसिड आणि खतवाल्यांकडे जातं.

सोपं गंधक पटकन निघतं. चिवट असतात ते काही मोठे रेणू ज्यांत गंधकाच्या दोन्ही बाजूला मिथाइलचे गठ्ठे दाटीवाटीने बसलेले असतात, गंधक आत दडलेलं, कॅटलिस्टला ते हातच लागत नाही. ३५० वरून ५० ला येणं आणि ५० वरून १० ला येणं हे म्हणूनच एका मापाचं काम नाही, शेवटचे ४० पीपीएम सगळ्यात महाग पडतात.

आणि आता कूलरचा कोरडा पट्टा आठवा. समजा आत येणाऱ्या डिझेलमध्ये एक टक्का गंधक आहे, म्हणजे १०,००० पीपीएम. समजा रिॲक्टर एकदम उत्तम चाललाय, ९९ टक्के डिझेलमधलं गंधक शून्य झालं, फक्त एक टक्का डिझेल कुठल्यातरी वाटेने कॅटलिस्टला नीट न भिडता घसरून खाली आलं. तर तेवढ्या एका टक्क्यानेच बाहेरच्या सगळ्या मालात १०० पीपीएम गंधक आलं, मर्यादेच्या दहापट. हजारात एक भाग जरी असा निसटला तरी १० पीपीएमचा सगळा कोटा तिथेच संपला. म्हणून या रिॲक्टरमध्ये कॅटलिस्ट कुठला घेतला याइतकंच, मी तर म्हणेन त्याहून जास्त, महत्त्व आहे वरच्या वितरण ताटाला. मोठा गोल ट्रे, त्यावर शेकडो छोट्या चिमण्या, म्हणजे धुराड्यासारख्या उभ्या नळ्या, बसवलेल्या, प्रत्येकीतून सारखंच डिझेल सारख्याच हायड्रोजनसोबत खाली पडायला हवं. ट्रे काही मिलिमीटरने तिरका बसला तरी एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी.

कॅटलिस्ट भरण्याचंही तसंच. नुसता वरून ओतला तर दाणे वेडेवाकडे पडतात आणि मध्ये पोकळ्या राहतात. म्हणून कापडी नळीतून हळूहळू सोडतात, किंवा एक फिरणारं यंत्र वर टांगून दाणे पावसासारखे सगळीकडे पसरत आडवे पडतील असं भरतात, याला डेन्स लोडिंग म्हणतात. हे काम एकदा चुकलं की पुढची दोन-तीन वर्षं, म्हणजे कॅटलिस्ट बदलेपर्यंत, ती चूक रिॲक्टरमध्ये तशीच बसून राहते. गवत हाताने सारखं करण्याचीच गोष्ट आहे, फक्त इथे उघडून परत सारखं करता येत नाही.

कोरडा पट्टा इथे धोकादायकही असतो. ही क्रिया उष्णता बाहेर टाकते, आणि ती उष्णता वाहून नेण्याचं मोठं काम ओघळणारा द्रवच करत असतो. जिथे द्रव पोचत नाही तिथे गरम होत जातं, गरम झालं की क्रिया अजून जोरात, अजून गरम, तेलाचा कोळसा होऊन दाणे एकमेकांना चिकटतात, मग तिथे द्रव अजूनच जात नाही. हॉट स्पॉट म्हणतात याला. म्हणून थर एकसलग न ठेवता त्याचे दोन-तीन टप्पे करतात आणि मध्ये थंड हायड्रोजन सोडून तापमान खाली आणतात.

या सगळ्याचं शास्त्र बसवण्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा, म्हणजे आपल्या पाषाण रोडच्या एनसीएलचा मोठा वाटा आहे, हे मला मुद्दाम सांगायचंय. रामचंद्रन आणि चौधरी या तिथल्या दोघांनी १९८३ साली अशा तीन-फेज रिॲक्टरांवर जे पुस्तक लिहिलं ते जगभर वापरलं गेलं. गॅस, द्रव आणि घन एकत्र आले की वेग कोण ठरवतो, गॅस विरघळणं, द्रवातून सरकणं का दाण्यावरची क्रिया, हे वेगळं काढून कसं मोजायचं याची शिस्त त्या काळात लागत गेली. आणि मिथेनवाल्या जीवांच्या रिॲक्टरलाही आज तेच प्रश्न तसेच्या तसे विचारले जातात.

तर आता मिथेन.

सीओटू आणि हायड्रोजन पासून मिथेन करता येतो हे फ्रान्सच्या पॉल साबातिये यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, त्यांना १९१२ चं रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं. त्यांचा कॅटलिस्ट निकेल, तापमान ३००-४०० अंश. एक सीओटू, चार हायड्रोजन, त्यातून एक मिथेन आणि दोन पाणी. आणि हीच्या हीच क्रिया निसर्गात काही सूक्ष्मजीव अब्जावधी वर्षं करत आलेत, गाईच्या पोटात, दलदलीत, आपल्या गोबरगॅसच्या टाकीत. जीवाणू नव्हेत हे, आर्किया, १९७७ मध्ये कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी हा गट जीवाणूंपासून वेगळा काढला. साबातियेंना जे ३०० अंशाला जमलं ते हे जीव ४० ते ६५ अंशाला करतात, म्हणजे आपण आंघोळीला तापवतो त्यापेक्षा थोड्याशाच गरम पाण्यात. आणि मला यातली सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट ही की मिथेन तयार होण्याचा शेवटचा टप्पा ज्या एन्झाइमवर होतो त्याच्या गाभ्यातसुद्धा निकेलचाच अणू बसलेला आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या नळीत निकेल आणि या एवढ्याशा जीवाच्या पोटातही निकेल!

गंधकाशी मात्र प्रत्येकाचं नातं वेगळं आहे. साबातियेंच्या निकेलला गंधक म्हणजे विष, एखाद-दुसरा पीपीएम हायड्रोजन सल्फाइड आला तरी त्याचा पृष्ठभाग मरत जातो, म्हणून तिथे गॅस आधी अतिशय कसून साफ करावा लागतो. रिफायनरीतला कोबाल्ट-मॉलिब्डेनम उलट, त्याला सुरू करण्याआधी मुद्दाम गंधक पाजावं लागतं, त्याचं सल्फाइड झाल्याशिवाय तो कामाचाच नाही. आणि हे जीव मधले, त्यांना थोडं गंधक खाद्य म्हणून लागतंच, प्रयोगशाळेत तर बाहेरून सोडियम सल्फाइड घालतात, फक्त अति नको. बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड शेकड्याने, कधी हजारांनी पीपीएम असतो, तो निकेलला चालत नाही आणि जीवांना बऱ्यापैकी चालतो, आणि हाच जीवांच्या बाजूचा खरा मोठा मुद्दा आहे.

जीवांसाठी ठिबक थर बनवताना भरण कॅटलिस्टच्या दाण्यांचं नसतं. प्लॅस्टिकच्या पोकळ रिंगा, भाजलेल्या मातीचे हलके गोळे, पॉलियुरेथेनचा फोम असं काहीतरी, ज्याला पृष्ठभाग भरपूर आणि मध्ये पोकळी भरपूर. त्यावर जीवांचा बुळबुळीत थर वाढतो, वरून पोषक पाणी ठिबकतं, पोकळीतून गॅस जातो. हवा म्हणजे ऑक्सिजन आत अजिबात शिरू द्यायचा नाही, या जीवांना तो मारक, आणि हायड्रोजन असल्यामुळे आपल्यालाही, हवेत ४ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो.

आणि इथे एक फरक आहे जो बहुतेक लोकांच्या नजरेतून सुटतो. रिफायनरीत जो द्रव ओघळतो तोच कच्चा माल असतो, डिझेलवरच काम करायचंय, म्हणून प्रत्येक दाणा पूर्ण भिजायलाच हवा. जीवांच्या रिॲक्टरमध्ये कच्चा माल सगळा गॅसमध्ये आहे. पाणी कशाला तर जीव ओले राहावेत, त्यांना अमोनिया, लोह, निकेल, कोबाल्ट मिळावं, एवढ्यासाठी. मग पाणी जास्त सोडलं तर काय होईल? पापुद्रा जाड होईल, आणि हायड्रोजनला तेवढं जास्त पाणी ओलांडावं लागेल. म्हणजे एकाच यंत्रात, रिफायनरीवाला कोरड्या जागेला घाबरतो आणि मिथेनवाल्याला ओलं जास्त झालेलं नको असतं. म्हणून या रिॲक्टरांत पाणी सतत न सोडता मध्ये मध्ये थांबून सोडायचे प्रयोग बरेच झालेत, ठिबकवाला शेतकरी पाळी देतो तसं, झाड ओलं हवं पण मुळाशी तळं नको.

जर्मनीत कॉटबुसच्या तांत्रिक विद्यापीठातल्या गटाने २०१३ च्या आसपास असा रिॲक्टर चालवून दाखवला. म्युनिकजवळच्या गार्चिंगमध्ये म्युनिक तांत्रिक विद्यापीठाच्या लोकांनी २०१७ मध्ये ५५ अंशावर चालणाऱ्या रिॲक्टरचे निकाल छापले, एक घनमीटर रिॲक्टरमागे दिवसाला साधारण १५ घनमीटर मिथेन, आणि बाहेर येणाऱ्या गॅसमध्ये मिथेन ९८ टक्क्यांच्या घरात. डेन्मार्कमध्ये २०१६ पासून कोपनहेगनच्या आवेदोरे सांडपाणी केंद्रात १ मेगावॅटचा जीवांचा प्रकल्प चालला, तो ठिबक थराचा नव्हता, टाकीचा होता, पण ठिबक थरावरही तिथली विद्यापीठं जोरात काम करतायत. डेन्मार्कच का, तर तिथे निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यापासून येते, सुसाट वारा असला की वीज उरते, तिचा हायड्रोजन करायचा आणि तो मिथेन करून असलेल्याच गॅसच्या पाइपलाइनमध्ये भरायचा.

हिशोब एकदा आपल्या मापात करून बघूया. समजा एका साखर कारखान्याजवळ प्रेसमडवर, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळावर, चालणारा प्लांट दिवसाला १००० घनमीटर बायोगॅस देतोय, त्यात ६०० मिथेन आणि ४०० सीओटू. आत्ता काय करतात, सीओटू वेगळा काढून हवेत सोडतात आणि मिथेन सिलेंडरमध्ये दाबून भरून सीबीजी (कॉम्प्रेस्ड बायोगॅस) म्हणून विकतात. त्याऐवजी तो ४०० घनमीटर सीओटू मिथेन करायचा ठरवला तर चौपट म्हणजे १६०० घनमीटर हायड्रोजन लागेल, वजनात साधारण १४४ किलो. गार्चिंगचा आकडा धरला तर रिॲक्टर २७ घनमीटरचा, म्हणजे आपल्या गावात येणाऱ्या पाण्याच्या दोन-अडीच टँकरएवढा. मोठं काहीच नाही. बायोगॅस वेगळा न करता तसाच रिॲक्टरमध्ये सोडता येतो, आधीचा मिथेन निमूट पार होतो आणि सीओटूचा नवीन मिथेन त्यात मिळतो. दिवसाला ६०० च्या जागी १००० घनमीटर.

या क्रियेत एका घनमीटर मिथेनमागे १.६ लिटर पाणी तयार होतं, म्हणजे दिवसाला साडेसहाशे लिटरच्या आसपास. हायड्रोजन करायला पाण्याचं विघटन करताना जेवढं पाणी खर्ची पडलं त्याच्या बरोबर निम्मं इथे परत मिळतं, दुष्काळी भागात ही छोटी गोष्ट नाही. पण हेच पाणी रिॲक्टरला त्रासही देतं, कारण ते एकदम शुद्ध असतं, पोषक द्रव्यं रोज थोडी थोडी पातळ होत जातात आणि बाहेर वाहून जातात. रोज निकेल, कोबाल्ट, अमोनिया विकत आणून घालायचं म्हटलं तर खर्च. म्हणून बायोगॅसच्या टाकीतून बाहेर पडणारी स्लरी गाळून तिचंच पाणी वर ठिबकायला वापरतात, त्यात हे सगळं असतंच. फक्त गाळणं नीट हवं, नाहीतर कूलरच्या पन्हळीसारखी भोकं बुजलीच म्हणून समजा.

जीवांच्या इतरही खोड्या आहेत. सीओटू पाण्यात थोडं आम्लपण आणतो, तो सगळा खाऊन टाकला की पाणी अल्कली होत जातं, पीएच साडेआठच्या वर गेला की जीव मंदावतात. हायड्रोजन अचानक जास्त सोडला तर दुसरेच जीव माजतात जे मिथेन न करता ॲसेटिक ॲसिड करतात, म्हणजे आपण फिरून त्या १८२३ च्या व्हिनेगरपाशी! आणि शेवटचे दोन-तीन टक्के हायड्रोजन संपवणं सगळ्यात अवघड, कारण बाहेरच्या टोकाला हायड्रोजन इतका विरळ झालेला असतो की पाण्यात शिरायला त्याला जोरच राहत नाही. डिझेलच्या शेवटच्या ४० पीपीएमसारखंच. इथे ठिबक थर टाकीपेक्षा सरस ठरतो, टाकीत सगळं ढवळून एकजीव असतं, उंच थरात गॅस एका टोकाकडून दुसऱ्याकडे पुढे पुढे सरकत जातो, सुरुवातीला भरपूर हायड्रोजन पटापट खाल्ला जातो आणि उरलेल्या लांबीत शेवटचं निपटून काढता येतं. सीओटू आणि हायड्रोजन मिळून पाच घनमीटर गॅस आत गेला की बाहेर मिथेनचा एकच निघतो, त्यामुळे टोकाकडे गॅसचा वेगही कमी होतो आणि त्याला जीवांजवळ थांबायला जास्त वेळ मिळतो.

आता पैशाचं. १४४ किलो हायड्रोजन करायला किलोमागे ५२ युनिट धरले तर दिवसाला साडेसात हजार युनिट वीज. त्यातून मिळालेला जास्तीचा ४०० घनमीटर मिथेन वजनात २८७ किलो. म्हणजे एका किलो मिथेनमागे २६ युनिट वीज नुसत्या हायड्रोजनसाठी. २०१८ मध्ये केंद्राने सीबीजीसाठी ‘सतत’ (SATAT) नावाची योजना आणली तेव्हा सीबीजीचा खरेदीदर किलोला ४६ रुपये ठेवला होता, त्या दराने यात युनिटला जेमतेम पावणेदोन रुपये सुटतात, रिॲक्टर, इलेक्ट्रोलायझर (विजेने पाणी फोडून हायड्रोजन करणारं यंत्र), माणसं यांचा खर्च धरायच्या आधीच. कारखान्याला ग्रिडची वीज या दराने मिळत नाही, कोणालाच मिळत नाही. जो कोणी आज तुम्हाला हे ग्रिडच्या विजेवर परवडतं म्हणून सांगेल त्याला हा २६ चा आकडा विचारा.

पण भर दुपारी सोलरची वीज जेव्हा घ्यायला कोणी नसतं तेव्हाचं गणित वेगळं असतं, आणि जीवांचा ठिबक थर दुपारपुरता चालवता येतो. जर्मनीतल्या प्रयोगांत काही दिवस गॅस बंद ठेवून परत सोडला तरी जीव लवकरच कामाला लागलेले दिसलेत, नुसते ओले आणि हवाबंद ठेवले की झालं. ३०० अंशाचा निकेलचा रिॲक्टर असा रोज थंड-गरम करणं कटकटीचं. शिवाय कारखान्याला डिस्टिलरी असेल तर तिथे इथेनॉलच्या आंबवणीतून एक किलो इथेनॉलमागे जवळपास तेवढाच, ०.९६ किलो, सीओटू निघतो, तोही जवळजवळ शुद्ध. म्हणजे सीओटू दारात आहे, पोषक पाणी स्लरीतून आहे, रिॲक्टरमधून जी उष्णता सुटते ती बायोगॅसची टाकी कोमट ठेवायला जवळच वापरता येते. नाही तो फक्त स्वस्त हायड्रोजन.

तोवर या विषयात कोणाला खरंच हात घालायचा असेल, आणि आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी घालावा असं मला मनापासून वाटतं, तर सुरुवातीला महागडं काही लागत नाही आणि हायड्रोजनही लागत नाही. एक पारदर्शक ॲक्रिलिकचा पाइप घ्या, त्यात रिंगा किंवा फोमचे तुकडे भरा, वरून मोजून रंगीत पाणी सोडा आणि खाली गोल गोल कप्पे करून कुठल्या कप्प्यात किती पाणी जमतंय ते मोजा. पाणी कडेच्या भिंतीकडे किती पळतं ते बघून पहिल्या दिवशी तुम्ही चक्रावून जाल. मग वरची भोकं बदला, भरण बदला, पाणी थांबून थांबून सोडा, परत मोजा.